सुई एकच, कळ वेगळी

वाशीतल्या रक्तदान शिबिरात सुई सगळ्यांना सारखीच, तरी एक जण मोबाइल चाळत पडून राहतो, दुसऱ्याचा जीव कासावीस होतो. दोघेही ठणठणीत! मेंदूच्या तळातून मज्जारज्जूकडे संदेश उतरतात आणि वर येणारी कळ वाटेतच दाबतात. एन्डॉर्फिनसारखी शरीराचीच द्रव्ये त्यांना साथ देतात. हा लगाम प्रत्येकाचा वेगळा. तो तपासायला एक हात बर्फगार पाण्यात बुडवतात आणि दुसऱ्या हातावर दाब देतात. बऱ्याच जणांना तो दाब मग कमी दुखतो. काहींना मात्र काडीचाही फरक पडत नाही. आनुवंशिकता, भीती, जुने अनुभव, सगळ्यांचा यात हात असतो. झोपेचाही. अपुऱ्या झोपेनंतर धडधाकट माणसालाही जास्त दुखतं. बेलापूरहून पहाटेची लोकल गाठणाऱ्यांना हे सांगायला नकोच.