विरजणाचं झाकण

आज चालण्याबद्दल बोलायचं आहे. चालावं की नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! चालताना मनगटाकडे किती वेळा बघता, एवढंच विचारायचं आहे.

मी रोज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातो. परवा पाऊस पडून गेला होता. वाटेवर मृगाचे किडे निघाले होते, लालभडक, मखमली. एक लहान मुलगी उकिडवी बसून बघत होती. मागून एक गृहस्थ आले, नजर घड्याळातल्या पावलांच्या आकड्यावर. मुलगी ओरडली, ‘काका, पाय!’ त्यांना ऐकूही गेलं नाही. मला फार वाईट वाटलं, श्रोतेहो.

रोज दहा हजार पावलं चालायची, हा आकडा कुठून आला? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला. डॉक्टरांनी तपासण्या करून तो ठरवला नव्हता. आणि तुम्ही दोनशे पावलं कमी पडली म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझाऱ्या घालता!

या सारख्या मोजण्यावरून आठवलं, लहानपणी आई विरजण लावायची. कोमट दूध, चमचाभर ताक, भांडं तांदळाच्या डब्यात. आम्ही मुलं दर अर्ध्या तासानं झाकण उघडायचो. आई रागवायची, ‘हलवू नका रे, मोडेल.’ विचारून विचारून दही लागत नाही. त्याला ऊब लागते, आणि कुणी हात लावणार नाही अशी रात्र लागते. सकाळच्या चालण्याचंही तसंच. दर शंभर पावलांना झाकण उघडलंत तर ऊब राहील कुठून?

पुन्हा सांगतो, कारण नेमकं हेच निसटतं. चालू नका, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मोजाही. पण झाकण एकदाच उघडा, घरी आल्यावर. वाटेत नको.

नोकरी, बढती, मुलांचे मार्क, तिथल्या झाकणांबद्दलही बोलायचं होतं, पण वेळ थोडा उरला आहे. मृगाचे किडे थोडेच दिवस दिसतात. उद्याच जा. घरातलं लहान मूल बरोबर न्या, त्याला ते आधी दिसतात. तळहातावर घेतला की किडा पाय दुमडून गप्प बसतो. हात हलवायचा नाही. जरा वेळ थांबायचं, मग तो हळूच एक पाय... वेळ संपला.