दोन वर्षांची मास्तरकी

1989 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात वेंडी कॉप या विद्यार्थिनीने पदवीच्या प्रबंधात एक योजना मांडली. हुशार पदवीधरांनी दोन वर्षे गरीब वस्त्यांतल्या सरकारी शाळांत शिकवावे! पैशांसाठी तिने कंपन्यांना पत्रे धाडली. टेक्सासचे उद्योगपती रॉस पेरो यांनी पाच लाख डॉलर देऊ केले, पण अट घातली: तिप्पट रक्कम इतरांकडून उभी करा. व्यापारीच तो! 1990 मध्ये ‘टीच फॉर अमेरिका’चे सुमारे पाचशे शिक्षक वर्गांत उभे राहिले.

तिथे देणग्या खर्च होतात निवड, प्रशिक्षण आणि मार्गदर्शनावर. पगार शाळा देतात. मुंबई-पुण्यात 2009 मध्ये याच धर्तीवर सुरू झालेल्या ‘टीच फॉर इंडिया’त मात्र फेलोंचे, म्हणजे या शिक्षकांचे, मानधनही संस्थाच देते.

थोड्या आठवड्यांच्या तयारीवर वर्ग हाती द्यायचा आणि मुलांशी सूर जुळेपर्यंत शिक्षक निघून जायचा, हा या योजनेवरचा जुना आक्षेप. माझ्या मते तो रास्तच आहे. देणगीतून आलेला शिक्षक कायम नेमणुकीची जागा भरून काढत नाही. तेव्हा पदवीधर श्रोत्यांनी अर्ज जरूर करावा, पण दोन्ही वर्षे पुरी करायची तयारी असेल तरच.