नर्सिंगच्या शाळेची मान्यता आणि नोकरीचे पहिले वर्ष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोला, असे कार्यवाह बाईंनी सांगितले. पथ्यपाणी तुम्हां सर्वांना माझ्याहून जास्त कळते, म्हणून मी निराळाच विषय घेतला आहे. आपल्या ठाकूरद्वारच्या वाड्यांतून पुष्कळ मुली नर्सिंगला जातात. त्या शाळेला मान्यता आहे की नाही हे कसे पाहावे, आणि पास झाल्यावर वॉर्डात त्यांना कोण शिकवते, हा तो विषय. मी सातवी शिकलेली. पण पुतणी नर्स आहे आणि तिचे कागद घेऊन मीच हिंडले, त्यामुळे थोडे कळले.

पूर्वी ज्या त्या इस्पितळाने आपापल्या परीने शिकवावे असेच होते. मुंबई इलाख्यात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, सबंध देशासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा १९४७ साली आणि आपल्या राज्याचा १९६६ साली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदाही केला. इतके कायदे कशाला, असे मलाही वाटले होते.

कशाला ते आमच्या शेजारच्या मुलीवरून कळले. ‘एका वर्षात नर्स व्हा’ अशी पाटी पाहून तिने एका क्लासात नाव घातले. आईने पाटल्या मोडून फी भरली. सर्टिफिकेट छान मिळाले, सोनेरी अक्षरांचे! परंतु कौन्सिलच्या रजिस्टरात नाव लागेना, कारण त्या क्लासाला मान्यताच नव्हती. आज ती रोग्यांचे सगळे करते आणि पगार मात्र आयाचा घेते.

मान्यता देताना काय पाहतात? शाळेमागे इस्पितळ आहे का, खाटा किती, त्यांवर रोगी खरोखर असतात का, दहा मुलींमागे एक शिक्षिका आहे का. एका मुलीच्या वाट्याला तीन रोगी यावेत असा हिशेब आहे. पोळी काही वहीवर लाटून येत नाही. खाटाच रिकाम्या असतील तर मुलगी सुई द्यायला शिकणार कोणाच्या दंडावर? जी.एन.एम.चा अभ्यासक्रम बारावीनंतर तीन वर्षांचा, त्याला शास्त्र शाखा नसली तरी चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला जीवशास्त्र लागते. ए.एन.एम. दोन वर्षांचे. नुसत्या वर्षात कोणी नर्स होत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी विचारतच नाही. माझ्या पुतणीची शाळा मान्यतेची, नोंदणी झालेली. तरी पहिल्या नोकरीत तिसऱ्याच आठवड्यात तिला रात्रपाळीला एकटीला ठेवले, तीस रोग्यांवर. दोन औषधांच्या नावांत एका अक्षराचा फरक. चिठ्ठी चारदा वाचून मग हात लावायची. सकाळी घरी आली की पोर जेवायचीसुद्धा नाही.

अमेरिकेत नव्या नर्ससाठी इस्पितळे सहा महिने ते वर्षभर ‘रेसिडेन्सी’ चालवतात. जुनी नर्स बरोबर असते, हळूहळू रोगी वाढवतात. आणि ही शिकवणी नीट चालते की नाही हे बाहेरची संस्था येऊन तपासते. मग त्या शिकवणीलाच मान्यता मिळते. ही गोष्ट मला फार पटली. शाळेची परीक्षा होते, तशी पहिल्या वर्षीच्या शिकवणीचीही व्हायला नको का?

आपल्याकडे इस्पितळांना एन.ए.बी.एच. म्हणून एक प्रमाणपत्र मिळते. त्याच्या नियमांत नव्या नोकरांना आधी शिकवून तयार करण्याची अट आहे. पण ते साऱ्या इस्पितळाचे प्रमाणपत्र. नव्या मुलीचे पहिले वर्ष कसे जाते हे त्यावरून समजत नाही. म्हणून मुलाखतीला गेलेल्या मुलीने सरळ विचारावे: माझ्याबरोबर किती दिवस जुनी सिस्टर राहील? रात्रपाळी केव्हापासून? अडले तर कोणाला हाक मारायची? पगार विचारायला लाज वाटत नाही, मग हे विचारायला का वाटावी?

ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी फी भरण्याआधी शाळेचे नाव कागदावर लिहून बुधवारी दुपारी मंडळात आणावे. पुतणीची त्या दिवशी सुट्टी असते. तिला मोबाइलवर कौन्सिलची यादी काढून द्यायला सांगितले आहे.