अंतरा बंद केलं, आता पाळी कधी येणार?

आज थेट विषयावर येते. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन बंद केल्यावर पुढे काय होतं? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण यात तारखांचा एक साधा हिशोब आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे घरात बाईला नको ते ऐकून घ्यावं लागतं.

आपल्याकडे हे इंजेक्शन ‘अंतरा’ नावाने २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. औषधाचं नाव डीएमपीए. टोचल्यावर त्याचा साठा अंगात राहतो आणि हळूहळू रक्तात उतरतो. तोपर्यंत बीजांड बाहेर पडत नाही. गोळ्या बंद केल्या की त्यांचा परिणाम लवकर ओसरतो. इंजेक्शनचा साठा मात्र काढून टाकता येत नाही. ‘पिशवी साफ’ करणारे काढे पिऊनही तो लवकर संपत नाही. थांबावंच लागतं.

या काळात काय काय होऊ शकतं? काहींना कित्येक महिने पाळीच येत नाही. काहींना मधेच डाग लागतात, तारखा पुढेमागे होतात. पाळी आली नाही म्हणून आत घाण रक्त साठतंय, असं अजिबात नसतं. अस्तर वाढलेलंच नसतं, मग बाहेर काय येणार? हाडांची घनता इंजेक्शन चालू असताना थोडी कमी होते, ती बंद केल्यावर बरीचशी भरून येते.

आता हिशोब. समजा, शेवटचं इंजेक्शन १ जानेवारीला घेतलं. पुढचं एप्रिलच्या सुरुवातीला घ्यायचं होतं, ते घेतलं नाही.

मूल हवंय? ज्यांना इंजेक्शननंतर दिवस राहतात, त्यातल्या निम्म्या जणींना शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण १० महिन्यांत राहतात. म्हणजे नोव्हेंबर उजाडतो! १८ महिन्यांपर्यंत हा आकडा ९३ टक्क्यांवर जातो. इंजेक्शन किती वर्षं घेतलं, यावर हा वेळ ठरत नाही. त्यामुळे जून-जुलैमध्ये ‘अजून काही नाही का?’ असं कुणी विचारलं, तर हा हिशोब समोर ठेवा. इंजेक्शनने वांझपण येत नाही. फक्त उशीर होतो. मूल कधी हवं ते ठरलं असेल, तर इंजेक्शन आधीच बंद करा आणि डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करा.

मूल नकोय? मग उलटं. एप्रिलपासूनच दुसरं साधन हवं. निरोध, तांबी, किंवा आठवड्याची ‘छाया’ गोळी, जे डॉक्टर सुचवतील ते. ‘पाळी आली की बघू’ म्हणून थांबू नका. बीजांड आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी न येताच दिवस राहू शकतात. शंका आली तर घरी लघवीची टेस्ट करा.

दवाखान्यात कधी जायचं? रक्तस्राव खूप होत असेल, पोटात जोरात दुखत असेल, तर लगेच. टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी जा. शेवटच्या इंजेक्शनला वर्ष उलटूनही पाळी सुरू नसेल, तरी दाखवा. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर वाट बघू नका. आणि मूल होत नाही म्हणून तपासणी करायची वेळ आलीच, तर नवऱ्याचीही करा. त्याची तपासणी सोपी असते.

शेवटच्या इंजेक्शनची तारीख कार्डावर असते. त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. आणि हा भाग मैत्रिणीला पाठवालच, पण तिच्या नवऱ्यालाही पाठवा. घरच्यांना उत्तर देण्याचं काम तिच्या एकटीचं नाही.

भेटूया पुढच्या भागात!