माळढोक आणि माणसाचा भार



उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचा माळ प्रथमदर्शनी ओसाड वाटतो. अशा जमिनीला पडीक म्हणण्याचीच आपल्याकडे रीत. परंतु माळढोकाचे घर ते हेच. या पक्ष्याचा नर १५ किलोपर्यंत भरतो; मादी मात्र उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एखादे मोकाट कुत्रे किंवा अवेळी झालेली नांगरट एवढ्यानेही तिची वर्षाची वीण वाया जाऊ शकते.

या पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, रस्ते आले, बागायतही आली. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी येऊ लागल्या आणि त्या बिचाऱ्या पक्ष्याविषयीच शेतकऱ्याच्या मनात अढी बसली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. परंतु तोवर उजनीचे पाणी, ऊस व द्राक्षे यांनी जिल्ह्याचे रूप पालटून टाकले होते. कोणत्या माळावर माणसाचा भार किती, हे आधी मोजले असते तर सीमारेषा अधिक शहाणपणाने आखता आली असती.

भार मोजण्याची एक पद्धत शास्त्रज्ञांनी २००२ साली मांडली. लोकवस्तीची दाटी, जमिनीचा वापर, रस्ते आणि रात्री उपग्रहास दिसणारे दिवे यांना गुण देऊन साऱ्या पृथ्वीचा नकाशा तयार झाला. पद्धत उपयुक्त खरी. माळावर मात्र ती तोकडी पडते. वस्ती विरळ, दिवे तुरळक, म्हणून नकाशा भार कमी दाखवील. माळढोकाचा वैरी असते ती वीजवाहक तार. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि जड देह ऐन वेळी वळत नाही. गवताळ माळावर सद्‌हेतूने लावलेली ग्लिरिसिडियाची झाडे हाही भारच. पाहणाऱ्यास तेथे हिरवाई दिसते एवढेच.

आज नान्नजला माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. काळवीट आणि लांडगा मात्र याच माळांवर आहेत. तेव्हा गायरान किती नांगरले गेले, तारा कोठून जातात, मोकाट कुत्री किती, याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. शिक्षकांच्या मदतीने हे काम सहज होईल. जेथे गवत टिकून आहे आणि तारा नाहीत, तो माळ संरक्षणाच्या यादीत पहिला यावा. चराईची नोंद मात्र महिनावार हवी; कारण माळढोकाची वीण पावसाळ्यात होते, आणि वर्षाच्या सरासरीत तेच चार महिने झाकले जातात.