पपईचा विषाणू

वारज्याच्या परसातल्या पपईची पाने दोरीसारखी अरुंद झाली, देठांवर तेलकट रेघा व फळांवर वलये उमटली, की आम्हांस औषध विचारतात. औषध नाही! बटाट्याच्या ‘वाय’ विषाणूवरून नाव पडलेल्या पॉटिव्हायरस कुळातला हा विषाणू. मुंबई प्रांतातल्या पपईवरील मोझाइक रोग कपूर व वर्मा यांनी १९४८ साली नोंदवला. मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि लगेच शेजारच्या झाडाला देतो. फवाऱ्याने तो मरेपर्यंत काम झालेले असते. म्हणून फळे लगडलेली असली तरी रोगट झाड लवकर उपटा, असे आम्ही सांगतो. हात धजत नाही, हेही जाणतो. हिरवी फळे भाजीला ठेवा. हा विषाणू माणसाला बाधत नाही.