बालकाची चूक आणि भाषेचा नियम



माझी तीन वर्षांची नात परवा म्हणाली, "आजोबा, मी काम करलं." आमच्या घरात 'करलं' असे कोणीही बोलत नाही; मग तिने ते ऐकले कोठे? ऐकलेच नाही! बसणे-बसलं, पडणे-पडलं, उठणे-उठलं, यांवरून तिने स्वतःच नियम काढला आणि नियमाबाहेरच्या 'करणे' या क्रियापदासही तो लावला. ही पोपटपंची नव्हे, बुद्धीचे कार्य होय. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन विदुषीने लहान मुलांना काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे 'वग' असे बनावट नाव सांगितले. तसेच दोन प्राणी दाखविताच बहुतेक मुलांनी पूर्वी कधीही न ऐकलेले 'वग्ज' हे अनेकवचन आपणहून बनविले.

शिक्षक असताना अशाच चुकांसाठी मी पहिलीतल्या लहानग्यांच्या हातावर छडी मारली, याची आज खंत वाटते. आपणांस एवढीच विनंती, की मूल असे चुकल्यास हसू नका, रागावू नका. "हो का? छान केलंस हो!" असे योग्य रूप सहज बोलून दाखवा. मुलांशी भरपूर बोला. नियम ती आपले आपण शोधतील, आणि अपवादही कालांतराने त्यांच्या जिभेवर रुळतील.